शिट्टी की सावकाशबाई

दुपारी आमच्या खोलीत दोन पक्ष पडायचे. खिडकीजवळच्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका शिट्टीचे, आणि दाराजवळच्या मास्तरीणबाई सावकाशबाईंच्या. मधली खुर्ची माझी. हातात सुया खुपसलेल्या असल्यामुळे उठून जायची सोय नव्हती, म्हणून दोन्हीकडचं ऐकून घ्यायचो.

ही खोली डायलिसिसची. ज्यांच्या किडन्यांनी संप पुकारलाय अशा माणसांचं रक्त इथे मशीनमधून धुऊन परत अंगात सोडतात. त्याला चारेक तास लागतात, आणि तेवढा वेळ भिंतीवरच्या टीव्हीशिवाय दुसरं बघायला काही नसतं. रिमोट सिस्टरच्या खिशात. सिस्टरला वजन उतरवायच्या स्पर्धेचं वेड होतं, त्यामुळे आदल्या दिवशीचा भाग आम्हाला दुपारी पुन्हा बघावाच लागे. जाडी माणसं एका मोठ्या बंगल्यात कोंडलेली, त्यांचे दोन गट, दोन गटांचे दोन ट्रेनर, आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वजनकाटा. ज्याचं वजन सगळ्यांत कमी उतरलं तो घरी.

ट्रेनरांची खरी नावं पडद्यावर येत, पण आमच्या खोलीत ती कुणी वापरत नसे. पहिला शिट्टी. त्याच्या गळ्यातली शिट्टी आंघोळीलाही निघत नसावी. तो ओरडायचा, जमिनीवर पाय आपटायचा, पण एक कबूल करतो, माणसांना पळवताना स्वतःही त्यांच्याबरोबर पळायचा आणि कुणी पडलं तर त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी यायचं. दुसरी एक लहानखुरी, केस पिकलेली बाई. ती फरशीवर मांडी घालून बसायची, काल झोप लागली का म्हणून विचारायची, आणि दर दोन वाक्यांनंतर म्हणायची, "सावकाश." तिच्या गटाचं वजनही तसंच उतरायचं.

"गाडी चढावर बंद पडली की मागून धक्काच मारावा लागतो," ड्रायव्हरकाका म्हणायचे. "तिच्याशी गप्पा मारत बसलं की ती चढते का?"

"तुमच्या त्या शिट्टीची माणसं घरी गेली की महिन्याभरात पहिल्यासारखी होतील," मास्तरीणबाई डोळे मिटूनच उत्तर द्यायच्या. "छडीच्या धाकानं पाठ केलेलं सुट्टी लागली की पोरं विसरतात. मी जन्मभर तेच बघितलंय."

मग दोघं माझ्याकडे वळायचे. मी म्हणायचो, मला त्यातलं काही कळत नाही. हे धडधडीत खोटं होतं. त्या खोलीत तो कार्यक्रम माझ्याइतका जीव मुठीत धरून कुणीच बघत नव्हतं, कारण सावकाशबाईंच्या गटातली ती जांभळ्या टीशर्टातली, पायऱ्या चढताना कठड्याला लोंबकळणारी बाई माझी थोरली बहीण होती.

ताईला त्या खोलीत कुणी पाहिलेलं नव्हतं. नातेवाइकांना वर सोडत नसत. ती मला आणायची तेव्हा खाली बाकावर बसायची, लोकांच्या पँटी उसवत. तिचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये फटीसारखी एक खोली. आईवडील गेल्यावर त्या खोलीवरच तिनं मला वाढवलं. तिच्याकडे येणाऱ्या दहा कपड्यांतले आठ कंबरेत सैल करायला यायचे. "लोक सुटतात म्हणून आपलं भागतंय रे बारक्या," ती म्हणायची आणि दिवसभर मशीनवर बसून स्वतःही सुटत जायची. त्याचं तिला काही वाटत नसे. स्वतःच्या कुर्त्याच्या शिवणीत ती आधीच जादा कापडाची भरपूर माया सोडून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी नवा शिवायला नको.

माझ्या किडन्या गेल्या तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, माझी चालेल का? तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडन्या उत्तम आहेत तुमच्या. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. इतकं उतरवा, मग या." त्यांनी आकडा सांगितला. ताईनं तो दुकानातल्या आरशावर कोपऱ्यात शिंप्याच्या खडूनं लिहिला.

आकडा तिथेच राहिला. तिनं प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. सकाळी चालली, भात सोडला, गुडघे धरले, परत चालली. पण घाबरली की तिला खायला लागायचं, आणि मला बघून ती रोज घाबरायची. माझी तब्येत उतरणीला लागली होती. हातातल्या शिरा सुया टोचून टोचून दमल्या होत्या, मशीनवर असताना छातीत धडधड सुरू व्हायची. डॉक्टरीणबाई पूर्वी "बघू" म्हणायच्या, आता "फार लांबवू नका" म्हणायला लागल्या. एका दुपारी मी दुकानात गेलो तर ताई पडद्यामागे उभी राहून बिस्किटं खात होती आणि रडत होती. मला बघून तिनं पुडा पाठीमागे लपवला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई, माझ्यापासून बिस्किटं लपवत होती. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

"माझ्या हाताला कुलूप नाही रे," ती म्हणाली. "कुणीतरी मला कोंडलं तरच होईल हे."

कोंडणारी माणसं तिनं शोधून काढली. कार्यक्रमाच्या निवडीला ती गेली आणि तिथे खोटं बोलली. किडनी द्यायची आहे असं सांगितलं तर जोखीम नको म्हणून आपल्याला घेणारच नाहीत, असं तिच्या डोक्यानं घेतलं. म्हणून कॅमेऱ्यासमोर ती म्हणाली, "माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. लग्नात नीट दिसायचंय." तिला मी सोडून भावंड नाही. माझं लग्न झालेलं नाही. अशा रीतीने मला न विचारता माझी मुलगी जन्माला आली, वाढली आणि टीव्हीवर तिचं लग्नही ठरलं. यावरून आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो. मला शपथ घालून ती गेली की कुठेही अक्षर बोलायचं नाही. मी आता एकटाच बसनं हॉस्पिटलात यायला लागलो.

आता आमच्या खोलीची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्याकडेही वजनकाटा आहे. आत येताना वजन, जाताना वजन. आमच्यासारख्यांना लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे दोन खेपांमध्ये प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि काट्यावर दिसतं. दिवसाला मोजून दोन-तीन पेले पाणी, त्यातच चहा आणि आमटी. कुणी जास्त प्यालं की काटा चुगली करतो आणि सिस्टर सगळ्यांदेखत खरडपट्टी काढते. ड्रायव्हरकाका काट्यावर चढण्याआधी पट्टा काढायचे, खिशातली नाणी काढायचे, एकदा तर कवळी काढायला निघाले होते. "काका, कलिंगड खाल्लंत," सिस्टर म्हणाली. काका म्हणाले, "एकच फोड." काटा म्हणत होता अर्धं.

तर चार तासांत वजन कसं उतरतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ते चरबीचं नसतं. ते पाणी असतं.

पहिले काही आठवडे ताई सावकाशबाईंकडे होती. थोडं थोडं उतरत होतं. गुडघे दुखले की बाई तिला थांबवायच्या. तिचा चेहरा उजळत चालला होता, हे मला पडद्यावरही दिसत होतं. पण दर आठवड्याला ती घरी जाण्याच्या काठावर यायची. एकदा तर केसाइतक्या फरकानं वाचली. मास्तरीणबाई टाळ्या वाजवायला गेल्या आणि त्यांच्या मशीनचा गजर वाजला.

मग अदलाबदलीचा भाग आला. ज्यांना ट्रेनर बदलायचा त्यांनी पुढे यायचं. ताई पुढे आली.

सावकाशबाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांना राग आलेला नव्हता. "जायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला एवढी घाई कसली आहे, ते मला सांगा."

ताई म्हणाली, "भाचीचं लग्न आहे."

"लग्नात थोडं जाड दिसलं तर काय बिघडतं?"

ताई खाली बघत राहिली. कॅमेरा तिच्या तोंडावरून हलेना. मी खुर्चीतून पुढे झालो, हातातली नळी ताणली गेली. सांग ना ताई. आता सांग. या बाईला सांग. ताई पलीकडे शिट्टीच्या गटात जाऊन उभी राहिली.

शिट्टी म्हणाला, "कारणं मला नकोत. आकडा बोल." ताईनं आकडा सांगितला, तोच, आरशावरचा. "मिळेल," शिट्टी म्हणाला आणि त्यानं गळ्यातली शिट्टी फुंकली. ड्रायव्हरकाका खूश झाले. "आता बघा गाडी कशी चढते."

गाडी खरोखरच चढली. पुढच्या वजनाला ताईचा आकडा असा उतरला की बंगल्यातल्या सगळ्यांनी आ वासला. खोलीत मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रायव्हरकाकांनीसुद्धा नाहीत. आम्ही सगळे तिच्या ओठांकडे बघत होतो. पांढरे पडलेले, कडांना चिरलेले, आणि ती ते पुन्हा पुन्हा चाटत होती. पाठीमागे एक स्पर्धक अंगावर जाड जॅकेट आणि त्यावर प्लॅस्टिक घालून घामाघूम होत पळत होता. ओला रुमाल तोंडाला लावून नुसता ठेवायचा, प्यायचं नाही, हेही दिसलं. हे मी रोज करतो. माझ्यावर ते नशिबानं लादलंय.

"वाळवण घातलंय हे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काट्याआधी पाणी तोडतायत यांचं."

"किडन्यांना बरं नाही हे," ड्रायव्हरकाका पुटपुटले. त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू शेजारच्या बाईची काळजी आहे.

मला दरदरून घाम फुटला. सिस्टर धावत आली, तिनं रक्तदाब बघितला आणि मशीन हळू केलं. तिला वाटलं मला त्रास होतोय. होतच होता. ती किडनी माझी होती हे बाजूला ठेवा, ती ताईची होती, आणि दोघांच्यात मिळून चालणाऱ्या किडन्या तिच्या त्या दोनच होत्या.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की आम्ही जे बघत होतो ते दीड-दोन महिन्यांपूर्वीच घडून गेलेलं होतं. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, हे मलाही कळतं. तरी मी हाक मारली.

घरी गेलो आणि शपथ मोडली. कार्यक्रमाच्या ऑफिसात फोन लावला. एका मुलीनं घेतला. मी सगळं सांगितलं, किडनी, खोटी भाची, वाळवण, सगळं. म्हटलं, दोन्ही ट्रेनरांना आत्ताच्या आत्ता सांगा. ती "हो का, अरे बापरे, हो का" करत राहिली. मग म्हणाली, "सर, खूपच हृदयस्पर्शी आहे हे. शेवटच्या भागाला तुम्ही येऊ शकाल का? व्हीलचेअरवरून?"

"मी चालतो," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे तशी काही अडचण नसेल तर."

मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. निरोप कुणाला पोचला नाही. नंतर पुन्हा फोन केला तेव्हा वेगळीच मुलगी होती आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं.

रविवारी स्पर्धकांना घरी फोन करू देत. शेजारी कार्यक्रमाचा माणूस बसलेला असे. ताईचा आवाज कोरडा येत होता, पण आनंद त्यात मावत नव्हता.

"बारक्या, थोडंच राहिलंय रे."

"ताई, पाणी पितेस ना?"

"पिते की."

"मला ओठ बघून कळतं. मला शिकवू नकोस. आणि गुडघ्यांचं काय? पळतेस कशी तू?"

"गोळी देतात. घेतली की काही जाणवत नाही."

"रोज?"

ती शेजारच्या माणसाला विचारायला लागली, किती मिनिटं राहिली म्हणून.

"ताई, हात जोडतो. बाईंकडे परत जा. उशीर झाला तर होऊ दे. मी थांबतो."

"तू थांबशील रे," ती म्हणाली. "पण तुझ्या हाताच्या शिरा थांबतील का?" मग हळूच, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या हातून पुरी होतेय. मला अडवू नको." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी मोरीत बसून मोठ्यानं रडलो. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

पुढे फारसं काही घडलं नाही, म्हणजे सगळंच घडलं. एका सकाळी दार वाजलं. दारात एक बारीक बाई उभी, ताईचा कुर्ता दोन्ही बाजूंनी मुठीत धरून. आरशावरचा आकडा काट्यावर दिसल्याबरोबर तिनं स्पर्धा सोडली होती. जिंकायला ती गेलीच नव्हती. शिट्टीनं तिला मिठी मारली म्हणे, थांब म्हणाला, पहिली येशील म्हणाला. ती थेट घरी आली, पिशवी ठेवली, चहासुद्धा घेतला नाही, आणि मला घेऊन हॉस्पिटलात निघाली. रस्त्यावर माझ्यापुढे चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिला म्हणावं लागलं, ताई, जरा हळू.

डॉक्टरीणबाईंनी वजन बघून तिचा हात हातात घेतला. "कमाल केलीत," म्हणाल्या. मग रक्त घेतलं, लघवी घेतली. दोन दिवसांनी बोलावलं. पुन्हा रक्त घेतलं. महिन्यानं पुन्हा. शेवटी त्यांनी आम्हाला दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्ही दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घेतल्यात?"

ताईनं सांगितलं.

"आणि पाणी तोडलेलं असताना?"

"काट्याच्या आधीचे दिवस."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या किडन्यांना इजा झाली आहे. जपलंत तर तुम्हाला जन्मभर पुरतील. पण तेवढ्यापुरत्याच. त्यातली एक काढून घ्यायचं आता कुणी डॉक्टर मनात आणणार नाही."

ताई म्हणाली, "पण वजन बसलं की."

"हो."

"तुम्ही सांगितलेला आकडाच आहे."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ताई जिन्यात बसली. मला शिव्या द्यायच्या होत्या. शिट्टीला, त्या फोनवरच्या मुलीला, सावकाशबाईंनाही, की एवढं विचारलंत तर पुन्हा का नाही विचारलं. ताईनं मला कुणाला शिव्या देऊ दिल्या नाहीत. "त्यानं मी मागितलं तेच दिलं," ती म्हणाली. "आणि तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले." एवढं बोलून ती बराच वेळ कठड्याच्या रंगाचे पापुद्रे काढत बसली.

त्यानंतर माझी तब्येत अशी झाली की मला एकट्यानं सोडू नये असं ठरलं, आणि ताईला वर यायची परवानगी मिळाली. ती आत आली ती नेमकी त्याच दुपारी, जेव्हा टीव्हीवर तिचा स्पर्धा सोडण्याचा भाग चालू होता. ड्रायव्हरकाकांनी पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"अहो, या त्याच! जांभळ्या टीशर्टातल्या!"

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. मास्तरीणबाई, ज्या भांडतानाही डोळे उघडत नसत, त्यांनीही उघडले. ही माझी थोरली बहीण, असं मी सांगितल्यावर ताईला माझ्याजवळ स्टूल दिलं. काकांना तर कोर्टात साक्षीदारच सापडला.

"आता तुम्हीच सांगून टाका ताई. किती महिने भांडतोय आम्ही. शिट्टी चांगला की सावकाशबाई?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको बोलूस. पण ती बोलली.

"शिट्टीकडे लवकर होतं."

"बघा!" काका म्हणाले.

"आणि बाईंकडे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बाई विचारतात. घाई कसली आहे म्हणून."

"मग तुम्ही म्हणालात भाचीचं लग्न. पाहिलं आम्ही." काका माझ्याकडे वळले. "अरे, म्हणजे तुझ्या पोरीचं लग्न? लबाडा, एका शब्दानं बोलला नाहीस."

"मला पोरगी नाही काका," मी म्हटलं.

काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्या हातातल्या सुयांकडे बघितलं, मग ताईच्या सैल पडलेल्या कुर्त्याकडे, मग पडद्यावरच्या त्या चिरलेल्या ओठांकडे. मास्तरीणबाईंना त्यांच्याआधी कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. सिस्टरनं खिशातून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला.

नुसती मशीनं चालू होती. थोड्या वेळानं ताईच्या पर्समधला मोबाईल वाजला. तो पाण्याचा गजर होता. डॉक्टरीणबाईंनी तिला दर तासाला पाणी प्यायला सांगितलंय, जन्मभर. तिनं पर्समधून मोठी बाटली काढली, आणि ती घेऊन दाराकडे निघाली. घरीही ती असंच करते. माझ्यासमोर पीत नाही, मोरीत जाऊन पिते.

"ताई, इथेच बस," मी म्हटलं.

"येते रे, दोन मिनिटांत."

"इथेच पी. माझ्यासमोर."

ती परत स्टुलावर बसली. झाकण काढलं आणि खाली मान घालून प्यायला लागली. आम्ही सगळे तहानलेले तिच्या गळ्याकडे बघत होतो, आणि कुणी नजर वळवली नाही. बाटली अर्धी झाली तशी ती थांबली आणि तिनं हातानं तोंड पुसलं.

"अजून पी," मी म्हणालो.